परक्याच्या पैशावर दावा

पूर ओसरला की दुकानाच्या भिंतीवर चिखलाची एक आडवी रेघ उरते. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला की आधी टेप काढून ती रेघ मोजतो. रेघ साडेचार फुटांवर असेल, तर तिच्या वरच्या फळ्यांवरचा माल त्याच्या लेखी कोरडा. मग तो स्टॉक रजिस्टर मागतो; ते नेमकं खालच्या कप्प्यात होतं आणि आता त्याचा लगदा झालेला असतो. मग जीएसटीची विवरणपत्रं, गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद, खरेदीची बिलं आणि बँकेला दर महिन्याला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट. छोट्या दुकानदाराची खरी अडचण इथे उघडी पडते. बँकेला दाखवलेला साठा फुगलेला असतो, कारण त्यावर कॅश क्रेडिटची मर्यादा ठरते. विम्यासाठी सांगितलेला साठा आकसलेला असतो, कारण त्यावर हप्ता ठरतो. पुढचं सगळं भांडण या दोन आकड्यांमधल्या फटीत होतं. मालाची खरी किंमत साठ लाख आणि विमा तीसच लाखांचा असेल, तर सर्व्हेअर ‘अ‍ॅव्हरेज’ लावतो, म्हणजे दहा लाखांच्या नुकसानीचे पाचच लाख धरतो. १ एप्रिल २०२१ पासून सूक्ष्म उद्योगांसाठी जी प्रमाणित पॉलिसी आली, तिच्यात पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. त्यापलीकडे कात्री चालतेच. भिजलेल्या मालाची भंगार किंमत वजा होते, पॉलिसीत ठरलेली पहिली काही रक्कम वजा होते, आणि शेवटी दुकानदारापुढे एक कागद येतो: डिस्चार्ज व्हाउचर. ‘पूर्ण व अंतिम’ रक्कम मिळाली, यापुढे काही मागणं नाही, खाली सही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, किंवा २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली, अशा प्रसंगी ही सही करायची की नाही, हा प्रश्न कायद्याचा राहत नाही. तो गणपती-दिवाळीचा माल भरायला पैसे आहेत की नाहीत, याचा होतो. कायदा इथे दुकानदाराच्या बाजूने बराच उभा आहे, हे सांगायला हवं. बोघारा पॉलिफॅब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं की दबावाखाली घेतलेल्या व्हाउचरने वाद संपत नाही. विमा नियामकानेही सप्टेंबर २०१५ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलं की व्हाउचरवर सही झाली म्हणून ग्राहकाचा जास्त रक्कम मागण्याचा हक्क बुडत नाही. पण हक्क शाबूत असणं वेगळं आणि तो बजावायला चार-पाच वर्षं वकील, सनदी लेखापाल आणि दुसरा तज्ज्ञ सर्व्हेअर पोसणं वेगळं. या लेखाचा विषय तो पोसण्याचा खर्च आहे. दाव्याशी ज्याचा काडीचा संबंध नाही अशा माणसाने किंवा कंपनीने हा खर्च उचलावा, दावा जिंकला तर मिळालेल्या रकमेत वाटा घ्यावा आणि हरला तर पैसे सोडून द्यावेत, या व्यवहाराला थर्ड पार्टी फंडिंग म्हणतात. माझं म्हणणं असं की विमा कंपनीशी भांडणाऱ्या छोट्या व्यावसायिकासाठी हा व्यवहार योग्य आहे आणि आपल्याकडे तो कायदेशीरही आहे. त्याची भीती ज्या कारणांसाठी घातली जाते, त्यातली बरीच चुकीची आहेत. ज्या कारणासाठी खरोखर काळजी करायला हवी, त्याची चर्चा फारशी होत नाही.

आधी वेळेचा हिशेब. ग्राहक आयोग स्वस्त आहे, तिथे वकील लागतोच असं नाही, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्कही नाही. मग परक्याचा पैसा कशाला, असं विचारलं जातं. गुजरातमधल्या हरसोलिया मोटर्सचं प्रकरण पाहावं. फेब्रुवारी २००२ च्या दंगलीत नुकसान झालं, अग्निविमा होता, तक्रार ग्राहक आयोगात गेली. विमा कंपनीचा बचाव असा की धंद्यासाठी घेतलेला विमा हा ‘व्यापारी हेतू’, म्हणून तक्रारदार ग्राहकच नाही. राज्य आयोगाने ते मानलं. राष्ट्रीय आयोगाने डिसेंबर २००४ मध्ये ते खोडलं: विमा नुकसान भरून काढतो, नफा मिळवून देत नाही. या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १३ एप्रिल २०२३ ला, दुकानदाराच्या बाजूने. एकवीस वर्षांत ठरलं ते एवढंच की तक्रार ऐकून घेता येईल. जळलं किती आणि द्यायचं किती, याचा निवाडा तेव्हाही बाकी होता. विमा कंपनीच्या दृष्टीने यात वावगं काही नाही. तिच्याकडे असे हजारो वाद असतात, एका मुद्द्याचा निकाल शंभर प्रकरणांना लागू होतो, म्हणून तो शेवटच्या पायरीपर्यंत नेणं तिला परवडतं. दुकानदाराचं प्रकरण आयुष्यात एकदाच असतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, या म्हणीतलं शहाणपण मुख्यतः खर्चाचं आहे, आणि तो खर्च एका बाजूला हजार वाटेकऱ्यांत विभागलेला, दुसऱ्या बाजूला एकाच्याच डोक्यावर असतो.

आता पैशाचा हिशेब मांडून पाहू. आकडे कल्पित आहेत, पण प्रमाण समजायला पुरेसे. समजा दुकानदाराची मागणी साठ लाखांची, कंपनी बावीस लाख द्यायला तयार, वाद अडतीस लाखांचा. पाच वर्षांच्या लढाईचा खर्च सहा लाख. जिंकल्यास सरळव्याजाने नऊ टक्के धरले तर हाती पंचावन्न लाख दहा हजार येतील. पैसे लावणाऱ्याने आधी आपले सहा लाख काढून घेतले आणि उरलेल्यात पस्तीस टक्के वाटा घेतला, तर दुकानदाराला सुमारे बत्तीस लाख मिळतात आणि त्याला तेवीस लाखांच्या वर. सहा लाखांचे तेवीस लाख! इथेच वाचकाच्या भुवया वर जातात, सावकारी आठवते. पण हरला तर त्याचे सहा लाख पाण्यात आहेत. जिंकण्याची शक्यता निम्मी धरली, तर त्याची सरासरी कमाई वर्षाला चौदा टक्क्यांच्या आसपास येते. दुकानदार कॅश क्रेडिटवर बँकेला जे व्याज देतो, त्याहून फार वेगळी नाही. जिंकण्याची शक्यता ऐंशी टक्के असेल, तर मात्र तोच पस्तीस टक्क्यांचा वाटा वर्षाला पंचवीस टक्क्यांची कमाई देतो. म्हणजे वाटा जबर आहे की रास्त, हे नुसत्या टक्केवारीवरून कळत नाही. खटला किती पक्का होता यावरून कळतं. टक्केवारीवर एकच सरसकट मर्यादा घालावी असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब केलेला नसतो. मर्यादा खाली आणली की पक्के खटले तेवढे घेतले जातील, आणि ज्याला परक्याच्या पैशाची सर्वांत जास्त गरज आहे तो निम्म्या शक्यतेचा दुकानदार दारातच उभा राहील.

सावकारीची आठवण मात्र उगाच नाही. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, आणि पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने राम कुमार कुंडू विरुद्ध चंदर कांतो मुखर्जी या बंगालच्या प्रकरणात ठरवलं की दुसऱ्याच्या दाव्याला पैसे पुरवून वाटा घेण्यावर इंग्लंडमध्ये जी जुनी बंदी होती, ती हिंदुस्थानात लागू नाही. करार सचोटीचा असेल तर चालेल; पिळवणुकीचा असेल, किंवा न्यायासाठी नसून खोडसाळपणासाठी असेल, तर न्यायालय तो मोडेल. खतं जाळणाऱ्या शेतकऱ्याची तक्रार आणि आजच्या व्यवहारात एक मूलभूत फरक आहे. सावकाराला पीक बुडालं तरी वसुली हवी असे. म्हणून तर जमीन जात असे. दाव्याला पैसे लावणाऱ्याचं येणं दावा बुडाला की बुडतं. जोखीम ज्याच्याकडे, त्याला वाटा, या तत्त्वावर आपण सगळेच विम्याचा हप्ता भरतो.

प्रिव्ही कौन्सिलची ती भूमिका स्वतंत्र भारतातही टिकली. १९५४ मध्ये एका ज्येष्ठ वकिलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रेघ ओढली: इतरांनी असा करार केला तर तो मुळातच बेकायदा ठरत नाही, पण वकिलाने अशिलाच्या जिंकण्यात भागी घेतली तर ते गैरवर्तन. २०१८ मध्ये बालाजी प्रकरणात पुन्हा सांगितलं गेलं की वकील नसलेल्या तिऱ्हाइताने दाव्याला पैसे पुरवण्यावर बंदी दिसत नाही. आणि महाराष्ट्राच्या वाचकाला क्वचितच ठाऊक असलेली गोष्ट अशी की मुंबई उच्च न्यायालयाने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पंचविसाव्या आदेशात केलेल्या दुरुस्तीत हा तिऱ्हाईत चक्क गृहीत धरलेला आहे. दाव्यासाठी पैसा मिळावा म्हणून वादीने दाव्यातल्या मालमत्तेचा हिस्सा दुसऱ्याला दिला किंवा द्यायचं कबूल केलं असेल, तर न्यायालय त्या माणसाला, त्याची संमती असल्यास, वादी म्हणून सामील करून घेऊ शकतं आणि प्रतिवादीच्या खर्चापोटी त्याच्याकडून तारण मागू शकतं. म्हणजे पडद्याआड बसायचं नाही, पुढे या, आणि हरलात तर समोरच्याच्या खर्चाची सोय करून ठेवा. परदेशात ज्या नियमासाठी आज समित्या बसतात, तो नियम आपल्या दिवाणी न्यायालयांच्या हातात आधीपासून आहे.

विमा कंपन्यांचा सर्वांत मोठा आक्षेप असा असतो की ज्याचं नुकसान झालं नाही, त्याने दाव्यात पैशासाठी शिरणं अनैतिक आहे. हा आक्षेप त्यांच्या तोंडी शोभत नाही. एखाद्या गिरणीचा सुताचा माल ट्रकमधून जाताना खराब होतो, विमा कंपनी गिरणीला भरपाई देते आणि बदल्यात एका कागदावर सही घेते: सब्रोगेशनचं पत्र. त्यानंतर ट्रान्सपोर्टवाल्यावर तक्रार होते ती गिरणीच्या नावाने. वकील विमा कंपनीचा, खर्च विमा कंपनीचा, तडजोड करायची की नाही हे ठरवणार विमा कंपनी. गिरणीचं फक्त नाव. चरण स्पिनिंग मिल्स प्रकरणात २०१० मध्ये घटनापीठाने ही पद्धत मान्य केली. शिवाय पत्रात हक्क सोपवण्याचा मजकूर असेल, तर दिलेल्या भरपाईहून जास्त वसूल झालेली रक्कमही कंपनी ठेवू शकते, असं म्हटलं. यावर उत्तर येईल की विमा कंपनीने आधी नुकसान भरून दिलेलं असतं, ती निव्वळ पैज लावत नाही. उत्तर खरं आहे, पण त्याने फरक पायरीचा होतो, जातीचा नाही. दुसऱ्याच्या नावाने, आपल्या पैशाने, आपल्या फायद्यासाठी दावा चालवणं हे पाप असेल, तर ते या देशात सर्वांत जास्त विमा कंपन्याच करतात.

खोटे दावे माजतील, हा दुसरा आक्षेप. विमा क्षेत्रात लबाडी आहे. मंदीच्या वर्षात आपोआप पेटणारी गोदामं आणि कागदावरच वाढणारा साठा सर्व्हेअरांना चांगला परिचयाचा आहे. पण जो हरल्यावर आपलेच पैसे घालवणार, तो बिलं आणि स्टॉक स्टेटमेंट दुकानदाराच्या वकिलापेक्षा कडकपणे तपासेल. तारखेगणिक फी घेणाऱ्याला कच्चा खटलाही चालतो. निकालावर पैसे लावणाऱ्याला चालत नाही. हप्ते वाढतील, हा तिसरा. वाढतील, जर आजवर देय असलेली रक्कम दिली जात नव्हती. आणि तसं असेल तर आजचे स्वस्त हप्ते ज्यांचे क्लेम कापले गेले त्यांच्या खिशातून स्वस्त झालेले आहेत.

खरी काळजीची जागा वेगळी आहे, आणि ती ब्रिटनमध्ये उघडी पडली. तिथे टपाल खात्याचे काउंटर स्वतःच्या छोट्या दुकानात चालवणाऱ्या ५५५ उपपोस्टमास्तरांनी पोस्ट ऑफिसवर दावा केला. हिशेबाच्या सदोष संगणक प्रणालीमुळे त्यांच्यावर तुटीचे, चोरीचे आळ आले होते. एकट्याने कुणालाच लढता आलं नसतं. दावा उभा राहिला तो परक्याच्या पैशावर. डिसेंबर २०१९ मध्ये ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांवर तडजोड झाली. त्यातले सुमारे ४ कोटी ६० लाख वकिलांच्या आणि पैसे पुरवणाऱ्यांच्या वाट्याला गेले. ५५५ जणांना उरले सव्वा कोटीच्या आत. सरकारला पुढे त्यांच्यासाठी वेगळी भरपाई योजना काढावी लागली. या उदाहरणाचे दोन अर्थ काढतात आणि दोन्ही खरे आहेत: तो पैसा नसता तर ब्रिटनमधला सर्वांत मोठा न्यायविपर्यास न्यायालयात सिद्धच झाला नसता, आणि तो पैसा होता म्हणून जिंकूनही माणसं जवळजवळ रिकाम्या हाताने परतली. तडजोड कधी करायची आणि परताव्याची रांग कशी लावायची, हे करारात ठरलेलं असतं. पैसे लावणारा रांगेत पहिला उभा असेल, तर लवकर आणि थोडक्यात मिटवण्यात त्याचा फायदा असू शकतो, कारण त्याचं भांडवल सुटून दुसऱ्या खटल्याला लागतं. म्हणून टक्क्यापेक्षा जास्त लक्ष दोन कलमांवर हवं: तडजोडीचा शेवटचा शब्द दुकानदाराचा असेल, आणि हाती आलेल्या एकूण रकमेचा ठरावीक भाग काहीही झालं तरी दुकानदारालाच मिळेल. ही दुसरी अट आधी मांडलेल्या सरसकट मर्यादेहून वेगळी आहे. ती वाट्याची किंमत ठरवत नाही. खर्च वाढवत नेण्याची मोकळीक तेवढी काढून घेते.

मग छोट्या दुकानदाराचं सगळं भलं होईल का? इथे या लेखाच्या बाजूला असलेलाच हिशेब उलटा फिरतो. वाद अडतीस लाखांऐवजी आठ लाखांचा धरा, खर्च चार लाख. जिंकल्यास व्याजासह साडेअकरा लाख, त्यातून पैसे लावणाऱ्याला साडेसहा-पावणेसात. शक्यता निम्मी असेल तर सरासरीने सव्वातीन लाख, म्हणजे लावलेल्या चार लाखांपेक्षा कमी. या खटल्याला कुणी हात लावणार नाही. बाजारपेठेतल्या बहुतेक किराणा-कापड दुकानांचे वाद याच आकाराचे. सूक्ष्म उद्योग आणि एकट्याच्या मालकीच्या धंद्यांना विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याची मर्यादा २०२३ मध्ये तीस लाखांवरून पन्नास लाख झाली, मुंबई-पुण्यात कार्यालयं आहेत. आठ लाखांच्या वादाने आधी तिथेच जावं.

छोटे वाद परक्याच्या पैशाला परवडायचे तर ते एकत्र बांधावे लागतात, आणि सगळेच बांधता येत नाहीत. कोविडच्या टाळेबंदीत ब्रिटनमधल्या हॉटेल, दुकानं, सलूनवाल्यांनी धंदा थांबल्याच्या विम्याचे क्लेम केले, कंपन्यांनी नाकारले. हिस्कॉक्स कंपनीच्या शेकडो ग्राहकांनी एकत्र येऊन पैसे लावणाऱ्याच्या मदतीने मोर्चा बांधला. तो बांधता आला, कारण वाद पॉलिसीतल्या छापील शब्दांचा होता आणि ते शब्द सर्वांना सारखेच होते. त्याच सुमारास तिथल्या वित्तीय नियामकाने स्वतःच आठ विमा कंपन्यांवर चाचणी खटला घातला: जून २०२० मध्ये दाखल, १५ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, मोठ्या प्रमाणात ग्राहकांच्या बाजूने. सुमारे सात महिने. हरसोलियाच्या प्रकरणातही वाद छापील शब्दांचाच होता, आणि देशभरच्या दुकानदारांना सारखाच लागू होता. तो प्रश्न एका पेढीच्या पाठीवर टाकण्याऐवजी नियामकाने पहिल्याच वर्षी वर नेला असता, तर परक्याच्या पैशाची गरजच पडली नसती. चिपळूणसारख्या पुरात उलट असतं. पाणी सर्वांकडे एकच, पण वाद प्रत्येकाच्या भिंतीवरच्या रेघेचा आणि प्रत्येकाच्या स्टॉक रजिस्टरचा. तिथे शंभर दुकानदारांची मोट बांधली तरी शंभर वेगळे पुरावे द्यावेच लागतात. तेव्हा परक्याच्या पैशाचं क्षेत्र मधल्या पट्ट्यात आहे: पंचवीस-तीस लाखांपासून काही कोटींपर्यंत वाद असलेले छोटे कारखाने, यंत्रमाग, शीतगृहं, घाऊक गोदामं.

या पट्ट्यातही कागदावरच्या दोन अडचणी सोडवल्याशिवाय व्यवहार स्वच्छ होणार नाही. पहिली उघडपणाची. पंचविसाव्या आदेशाची मुंबई दुरुस्ती दिवाणी दाव्यांना आहे; विम्याचे बहुतेक वाद ग्राहक आयोगात किंवा लवादात जातात, तिथे ती पोचत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मे २०२३ मध्ये टुमॉरो सेल्स एजन्सी प्रकरणात ठरवलं की लवादात पक्षकार नसलेल्या पैसे पुरवणाऱ्याकडून जिंकलेल्या बाजूचा खर्च वसूल करता येणार नाही. करारात त्याने ती जबाबदारी घेतली नव्हती, हे पाहता निकाल समजण्यासारखा आहे. पण मग मुंबईच्या दिवाणी न्यायालयात तारण द्यावं लागणारा माणूस लवादात काहीच न देता बसतो, ही विसंगती उरते. पैसे पुरवणाऱ्याला समोर आणण्याचा मुंबईचा नियम ग्राहक आयोगाच्या आणि लवादाच्या नियमांत आणला, तर विमा कंपनीची रास्त तक्रारही मिटते, आणि तडजोडीच्या टेबलावर खरा निर्णय कोण घेतं आहे हे आयोगालाही दिसतं.

दुसरी अडचण बँकेची आहे. तारण मालाच्या पॉलिसीत बँकेचं एक ठरलेलं कलम असतं: क्लेमची रक्कम आधी बँकेला. पुरात कॅश क्रेडिटचं खातं थकलेलं असतं, आणि पाच वर्षांनी जिंकलेले पैसे आले की ते सरळ त्या खात्यात जातात. पैसे लावणाऱ्याचा पस्तीस टक्क्यांचा करार दुकानदाराशी आहे, बँकेशी नाही. बँकेने आपला हक्क किती आणि कधी सोडायचा, हे दावा सुरू होण्यापूर्वी तिघांनी मिळून लिहून घेतलं नाही, तर विमा कंपनीशी जिंकलेल्या दुकानदाराचं दुसरं भांडण सुरू होतं, आणि त्यासाठी पैसे पुरवायला कुणीच पुढे येत नाही. आज बँकांच्या कर्जमंजुरीच्या कागदांत या गोष्टीसाठी एक ओळही नसते.